फौजेच्या मागून

छत्रपती संभाजीनगरातले पुरे मोजायला बसलात तर दमाल. जयसिंगपुरा, जसवंतपुरा, पदमपुरा, भावसिंगपुरा, पहाडसिंगपुरा, कर्णपुरा, बेगमपुरा. बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे, असा हिशेब जुनी माणसे सांगतात. यातली बरीच नावे मुघल फौजेतल्या राजपूत आणि बुंदेल्या सरदारांची आहेत. ज्याचा तळ जिथे पडला, तो त्याचा पुरा. हे तळ चार-सहा महिन्यांत उठणारे नव्हते. दख्खनची लढाई पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि इतका काळ घरापासून लांब राहिलेल्या माणसाला हात जोडायला, कपाळ टेकायला जवळपास जागा लागतेच. या शहरातल्या मशिदी, दर्गे, देवळे, गुरुद्वारा, चर्च यांचा माग काढत गेले की वाट बहुतेक वेळा छावणीत जाऊन पोचते.

‘सर्वधर्मसमभावाचे शहर’ हे भाषणात ऐकायला बरे वाटते. पण समभावाचा ठराव करून कुणी इथे आले नव्हते. फौजेच्या पगारपत्रकावर सगळ्या जातीधर्मांची नावे होती, म्हणून सगळ्यांचे देव आले.

सुरुवात मलिक अंबरपासून करू. तोही मुळात लष्करी माणूसच. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकीला (पुढचे औरंगाबाद, आजचे हे शहर) राजधानी वसवली. त्याने बांधलेल्या काळ्या दगडाच्या मशिदींना लोक आजही काली मशीदच म्हणतात. जामा मशीद मात्र नीट थांबून बघावी. दर्शनी बाजूला नऊ कमानी एका रांगेत आहेत. त्यातल्या पाच अंबरच्या, १६१२ च्या सुमाराच्या. उरलेल्या चार औरंगजेबाने वाढवल्या. आता यातली गंमत पाहा. १६२१ मध्ये खडकीची नासधूस केली ती शाहजादा खुर्रमच्या, म्हणजे पुढच्या शाहजहानच्या मोहिमेत. त्याच खुर्रमच्या मुलाने शत्रूची मशीद पाडली नाही, तिला कमानी जोडल्या. फौज वाढली, नमाजी वाढले, जागा अपुरी पडली. इतके साधे कारण पुरेसे असावे.

कर्णपुऱ्याची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. बिकानेरचा राजा कर्णसिंह औरंगजेबाच्या चाकरीत इथे राहिला आणि १६६९ मध्ये इथेच वारला. पदमपुरा हे नाव त्याच्या मुलाचे, पदमसिंहाचे. कर्णपुऱ्याची देवी कर्णसिंहानेच स्थापन केली अशी परंपरा आहे. बिकानेरच्या राठोडांची श्रद्धा करणीमातेवर. इथे नवरात्रात ओटी भरायला रांग लागते ती मात्र तुळजाभवानीच्या देवळात. राजा आपली देवी वाळवंटातून घेऊन आला आणि इथल्या लोकांनी तिच्यात तुळजापूरची आई पाहिली, की राजानेच मुलखाची देवी आपली मानली, हे आता कोण सांगणार? कसेही घडले असो, शेवटी बिकानेर मागे पडले आणि तुळजापूर उरले. कर्णपुरा तगला तो त्यामुळेच, असे माझे मत आहे.

फौजेबरोबर संतही चालत. बुखाऱ्याकडचे नक्शबंदी फकीर बाबा पलंगपोश लष्कराच्या तळाबरोबर फिरत असत. तूरानी शिपायांना आपल्या मुलखाची भाषा बोलणारा पीर हवा होता. त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर शहरात तकिया धरून बसले. नाव मुसाफिर, पण हलले नाहीत. मुरीद, म्हणजे शिष्य झालेले, सरदार नजराणे देत, आणि नजराण्यातून जे उभे राहिले ती आपली पाणचक्की. तुर्कताज खानाने ती १६९५ च्या सुमारास बांधवली, पुढचा मोठा हौद जमील बेग खानाने वीसेक वर्षांनी जोडला. हर्सूलच्या बाजूने खापरी नळातून पाणी आणले, ते उंचावरून हौदात सोडले, आणि जाता जाता त्या जोरावर जाते फिरवून घेतले. दळण व्हायचे फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी आणि शिबंदीसाठी. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत आहे. भरल्या हौदाखाली खांबांच्या रांगेत माणूस उन्हाळ्यात गारव्याला बसतो. नमाजाच्या वजूचे पाणी, लंगराचे पीठ आणि फौजेची भाकरी एकाच नळावर चालणारे असे धर्मस्थळ मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

शहागंजच्या निजामुद्दीन औलियांचे येणेही असेच. दिल्लीच्या शाह कलीमुल्लांनी या चिश्ती शिष्याला दख्खनला पाठवले आणि लष्करात काम कर, असे पत्रांतून बजावत राहिले. ते १७३० च्या आसपास इथेच वारले. त्यांचे चिरंजीव मौलाना फख्रुद्दीन उलट दिशेने दिल्लीला गेले आणि तिथे इतके मोठे झाले की मुघल घराणे त्यांचे मुरीद बनले.

गुरुद्वाऱ्याचा दुवा फौजेशी आहेच, पण तो विरुद्ध बाजूचा. १७०५ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी औरंगजेबाला फारसीत जफरनामा लिहिला आणि भाई दयासिंग व भाई धरमसिंग यांच्या हाती तो दख्खनला धाडला. बादशहा तेव्हा अहमदनगरकडे. भेट मिळेना. दयासिंगांनी धरमसिंगांना गुरूंचा सल्ला घ्यायला परत पाठवले आणि स्वतः औरंगाबादेत थांबले. धामी मोहल्ल्यातला भाई दयासिंग गुरुद्वारा त्या मुक्कामाच्या जागेवर आहे. दरबारात ताटकळलेल्या एका दूताचा मुक्काम, एवढेच त्याचे मूळ. पुढे १७०८ मध्ये गुरू नांदेडला ज्योतीज्योत समावले, आणि मराठवाड्यात शिखांचे येणेजाणे कायमचे सुरू झाले.

इंग्रजांच्या वेळी हीच रीत पुन्हा चालली. निजामाच्या पदरी पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमात असलेल्या कंटिंजंट फौजेची छावणी पडली, आणि छावणीत ख्राइस्ट चर्च उभे राहिले. चर्च मिशनरी सोसायटीचे काम मात्र रतनजी नवरोजी या ख्रिस्ती झालेल्या पारशी गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात चालवले, आणि ते छावणीत अडकून न राहता खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्यांत गेले. म्हणूनच गोरे अधिकारी गेले तरी प्रार्थना थांबली नाही. १९७७ मध्ये कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांतही वेगळा झाला.

यातून मला जो नियम दिसतो तो असा: फौज देव आणते, पण टिकवत नाही. पगार थांबला, सरदार परतले, हवेल्या पडल्या. ज्या ठिकाणाला स्थानिक माणसाने आपले म्हटले, तेच उरले. कुठे पाण्यामुळे, कुठे जत्रेमुळे, कुठे नांदेडच्या वाटेमुळे.

एक जागा या हिशेबात बसत नाही. विद्यापीठामागच्या डोंगरातली बुद्ध लेणी शहराहून हजार वर्षांनी जुनी. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराच्या दोन्ही बाजूंना आठ संकटे कोरली आहेत. आग, चोर, बेड्या, फुटलेले गलबत, सिंह, साप, हत्ती, आणि अंगावर धावून येणारा मृत्यू. ही भीती व्यापाऱ्याची आणि वाटसरूची आहे. शिपायाला गलबताची काय धास्ती? इथले लेणे तांड्यांच्या वाटेवरचे. मग कित्येक शतके तिथे वटवाघळांचे राज्य. बाबासाहेब आंबेडकरांनी नागसेनवन हा शिक्षणाचा परिसर उभारला, मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली, १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि त्या डोंगराला पुन्हा माणसे लागली. या वेळी बुद्ध शाळा-कॉलेजच्या वाटेने आला.

आता दसऱ्याच्या दिवशी शहराच्या एका टोकाला कर्णपुऱ्यात बालाजीचा रथ निघतो आणि दुसऱ्या टोकाला लेण्यांच्या पायथ्याशी धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी होते. पोलीस दोन्हीकडचे रस्ते वळवतात. कर्णपुऱ्याच्या जत्रेत खेळण्यांच्या आणि पाळण्यांच्या जागांचा व्यवहार कोण पाहते, माहीत आहे? छावणी परिषद.

पाणचक्की बघायला जाणारे बहुतेक लोक जात्याचा फोटो काढतात आणि परत फिरतात. पुढच्या वेळी दोन पावले आत जा. ज्यांच्या लंगरासाठी ते जाते फिरायचे त्या बाबा शाह मुसाफिरांची कबर तिथेच आहे.