वाचनखुणांचे दप्तर कोणाच्या ताब्यात असावे?

शासकीय अभिलेखांच्या बाबतीत दोन प्रश्न महत्त्वाचे असतात. अभिलेख कोणाच्या ताब्यात आहे, आणि ताबेदार बदलल्यास तो संपूर्णपणे परत मिळेल काय? महाजालावर वर्षानुवर्षे जमविलेल्या वाचनखुणांना, म्हणजेच बुकमार्कांना, हेच प्रश्न लागू पडतात. राजपत्रे, न्यायनिर्णय, परिपत्रके यांचे शेकडो दुवे बाळगणाऱ्या माझ्यासारख्यास त्यांची उत्तरे गेल्या दोन दशकांच्या इतिहासात सापडतात.

जोशुआ शाक्टर यांनी २००३ साली ‘डिलिशस’ सुरू केले. वाचनखुणा महाजालावर ठेवून त्यांना विषयवार टॅग लावण्याची पद्धत या विनामूल्य सेवेमुळे रूढ झाली. डिसेंबर २००५ मध्ये याहूने ती विकत घेतली. डिसेंबर २०१० मध्ये ती गुंडाळण्याचा बेत बाहेर फुटला, २०११ मध्ये तिची विक्री झाली आणि पुढेही मालक बदलत राहिले. अखेर जून २०१७ मध्ये ‘पिनबोर्ड’ने ती विकत घेतली व तिच्यात नव्या नोंदी करणे बंद झाले. पिनबोर्ड ही मासिए त्सेग्लोव्स्की यांनी २००९ साली उभारलेली, सदस्यांकडून शुल्क घेणारी लहानशी सेवा. बड्या कंपनीची फुकट सेवा अस्तास गेली. वर्गणीवर चालणारी तगली.

तथापि शुल्क म्हणजे हमी नव्हे. २००७ पासून चालत आलेल्या ‘पॉकेट’ला सशुल्क वर्गणीदारही होते, तरी मोझिलाने जुलै २०२५ मध्ये ती सेवा बंद केली.

मग दप्तर स्वतःच्याच सर्व्हरवर का ठेवू नये? ‘शार्ली’, ‘लिंकडिंग’, ‘वॉलाबॅग’ ही मुक्तस्रोत साधने त्यासाठी उपलब्ध आहेत. परंतु तेथे अभिलेखपाल आपणच. सुरक्षा सुधारणा, डोमेनचे नूतनीकरण आणि राखीव प्रत, सारे आपल्याच शिरावर. ‘मॅग्नोलिया’ ही सेवा मुख्यतः एकाच व्यक्तीच्या भरवशावर चालत असे. जानेवारी २००९ अखेर तिचा विदासाठा बिघडला, राखीव प्रतही कामी आली नाही आणि सदस्यांचा संग्रह गेला. प्रत असणे पुरेसे नाही. तीवरून संग्रह पुन्हा उभा करून पाहिलेला असावा लागतो.

बदलीच्या नोकरीत राज्य बदलते, निवासस्थान बदलते, जोडणीही बदलते. अशा माणसाने दैनंदिन वापरासाठी सशुल्क सेवा घ्यावी, असे माझे मत आहे. ज्यास सर्व्हर सांभाळण्याची सवय व सवड आहे, किंवा ज्याचे दुवे परक्याच्या ताब्यात देण्याजोगे नाहीत, त्याने स्वतःची व्यवस्था करावी.

दोघांनाही एक नियम समान आहे. नव्वदच्या दशकातील नेटस्केप न्याहाळकाची वाचनखुणांची एचटीएमएल धारिका आजही बहुतेक साधनांना वाचता येते. त्या स्वरूपातील प्रत दरमहा उतरवून घ्यावी. शिवाय खूण म्हणजे केवळ पत्ता; संकेतस्थळाची पुनर्रचना झाली की जुने परिपत्रक त्या पत्त्यावर सापडत नाही. म्हणून महत्त्वाच्या कागदाची प्रतही सोबत जपावी.

कार्यभार सोपविताना आपण दप्तराची यादी करून देतो. सेवा निवडतानाही प्रथम तिच्याकडून यादी परत मिळते काय, एवढे वाचकांनी तपासून पाहावे.