रोजकीर्द आणि खतावणी : मराठी रोजनिशीतील कृतज्ञतेचा प्रश्न

'रोजनिशी' हा शब्द मूळचा फारसी आहे. रोज म्हणजे दिवस, नवीसी म्हणजे लेखन. चिटणीस, फडणीस, वाकनीस ह्या पदनामांत जो 'नीस' आहे, तोच येथेही आहे. मराठी कानाला मात्र ह्या शब्दात 'निशा' ऐकू येते आणि दिवसाची कामे आटोपल्यावर दिव्याच्या उजेडात स्वतःशी बोलत बसलेला एकटा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. हा ऐकण्यातला गोंधळ निरर्थक नाही. दफ्तरातील एक कारकुनी शब्द अंतर्मुख लेखनाचे नाव कसा झाला, ह्याचा सारा इतिहास त्यात दडलेला आहे. पुढे आलेले 'दैनंदिनी' आणि 'वासरी' हे शब्द अधिक शुद्ध असतील. परंतु त्यांना हा भूतकाळ नाही.

पेशवे दफ्तरातील रोजकीर्दींमधून गणेश चिमणाजी वाड ह्यांनी निवडलेले वेचे विसाव्या शतकाच्या आरंभी खंडशः प्रसिद्ध झाले. त्यांच्या इंग्रजी शीर्षकात 'डायरी' हा शब्द आला आणि त्यामुळे वाचकाची अपेक्षा चुकीच्या दिशेला गेली. पेशव्यांच्या मनातले काही तेथे सापडत नाही. इनामे, दंड, सूट, नेमणुका, दानधर्म, तगाई अशा नोंदी सापडतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे ह्या दफ्तरावर निबंध वाचला. बखरींनी आणि ग्रँट डफने जी गोष्ट सांगितली नाही ती ह्या रुक्ष नोंदी सांगतात. राजकारणाच्या खालचे लोकजीवन त्यांत दिसते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. येथे लक्षात घ्यावयास हवे ते असे, की रुक्षतेतून अर्थ वाचण्याची ही पद्धत रानड्यांनी राज्याच्या इतिहासाला लावली. खाजगी रोजनिशीला ती लावण्याचे काम मराठी समीक्षेने अद्याप फारसे अंगावर घेतलेले नाही.

कीर्द आणि खतावणी हा भेद ह्या संदर्भात उपयोगी पडतो. दिवसाचा व्यवहार ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने कीर्दीत उतरतो. मग तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या नावावर खतावला जातो, तेव्हा कोणाचे किती देणे आणि कोणाकडून किती येणे हे कळते. कीर्दीत दिवस असतो, खतावणीत माणूस. रोजनिशी ही कीर्द होय आणि आत्मचरित्र ही खतावणी. ही तुलना केवळ अलंकारिक नाही, कारण मराठीतील कृतज्ञतेची भाषाच मुळी हिशेबाची आहे. आपण 'ऋणी' असतो, 'उतराई' होऊ शकत नाही, उपकार 'फेडतो'. 'आभार' ह्या शब्दाच्या पोटातसुद्धा भार आहेच. ब्राह्मणग्रंथांतील ऋणकल्पनेनुसार तर मनुष्य देव, ऋषी आणि पितर ह्यांचे देणे घेऊनच जन्माला येतो. ह्या परंपरेत कृतज्ञता ही भावना होण्याआधी एक बाकी आहे, आणि त्या बाकीला धनकोचे नाव आहे. घरातल्या घरात 'आभारी आहे' म्हणणे मराठी माणसाला आजही परके वाटते. ह्याचे कारण तो कृतघ्न आहे हे नव्हे. असे म्हटल्याने खाते बंद केल्यासारखे होते.

रोज आठवून, मोजून उपकार मानण्याची शिस्त ह्या भूमीत प्रथम आली ती बहुधा समुद्रमार्गे. इग्नेशियस लोयोला ह्यांच्या 'आध्यात्मिक साधना' ह्या १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात आत्मपरीक्षणाची जी पद्धत दिली आहे, तिची पहिली पायरी मिळालेल्या उपकारांबद्दल ईश्वराचे आभार मानणे ही आहे. स्वतःच्या दोषांचा हिशेब त्यानंतर येतो. विशिष्ट दोषाच्या निर्मूलनासाठी तर आठवड्याच्या प्रत्येक दिवसाच्या रेघा आखून त्यांवर ठिपके मांडावयास सांगितले आहे. म्हणजे कागदावरची कीर्दच. १५७९ साली गोव्यात आलेले आणि १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापून मराठीला एक महाकाव्य देणारे थॉमस स्टीफन्स ह्याच संघाचे. परंतु ही साधना संघाच्या आतली राहिली आणि बाहेर आले ते पुराण. लोकांसाठी ओवी, व्रतस्थांसाठी रेघा, अशी ती विभागणी होती. पुढे मराठी बायबलात 'उपकारस्तुती' हा सुंदर सामासिक शब्द रुळला. ख्रिस्ती समाजाबाहेर तो फारसा गेला नाही, ही मराठीचीच हानी म्हणावी लागेल.

नित्यनेम मात्र येथला होताच. वारकऱ्याचा हरिपाठ, संध्या, पूजा, जप ह्यांनी दिवस बांधलेला होता. पण त्या नेमात लेखनाला जागा नव्हती. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला, तेथेही अपेक्षा आहे ती ग्रंथ सुवाच्य अक्षरात उतरविण्याची. लिहिणारा हात साधकाचा आहे, लिहिला जाणारा विषय साधक नव्हे. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाने हे चित्र बदलले. मूर्ती आणि कर्मकांड बाजूला ठेवल्यावर दिवसाचे जे तास मोकळे झाले ते कशाने भरावयाचे, हा व्यावहारिक प्रश्नच त्या एकेश्वरवाद्यांपुढे उभा होता. साप्ताहिक उपासना मंदिरात होई. उरलेल्या सहा दिवसांसाठी व्यक्तिगत प्रार्थना आणि आत्मनिरीक्षण एवढेच हाताशी राहिले. रोजकीर्दीतून समाजाचा इतिहास वाचणारे रानडे ह्याच समाजाच्या व्यासपीठावरून प्रवचने करीत, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. नोंदीवरचा विश्वास आणि प्रार्थनेवरचा विश्वास एकाच पिढीत, कधी एकाच माणसात, एकत्र नांदले.

ह्या संयोगाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे विठ्ठल रामजी शिंदे. समाजाचे कार्य अंगीकारून ते १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माच्या अभ्यासासाठी गेले, १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यतानिवारणाच्या मिशनची स्थापना केली आणि १९३० च्या कायदेभंगात त्यांनी येरवड्याचा कारावास भोगला. त्यांची रोजनिशी गो. मा. पवार ह्यांनी संपादित करून १९७९ साली प्रकाशात आणली. मोठ्या माणसाच्या कागदपत्रांत नवी माहिती शोधणे हा अभ्यासकाचा स्वाभाविक मोह असतो, आणि रोजनिशीकडे पाहण्याची आपली दृष्टी बहुतांशी चरित्रसाधनाचीच राहिली आहे. 'माझ्या आठवणी व अनुभव' ह्या त्यांच्या आत्मचरित्राशी ताडून पाहावयाचे आणि तफावत दिसली की टीप द्यावयाची, एवढ्यावर काम संपते. परंतु तुरुंगातली रोजनिशी ही घटनांची नोंद नसतेच. तेथे आजचा दिवस कालच्यासारखा असतो. तरीही माणूस तारीख घालून लिहितो तेव्हा ती तारीख घालणे हीच मुख्य कृती ठरते. शिंद्यांच्या धर्मजीवनात प्रार्थनेचे जे स्थान होते त्याच्याशी ही कृती जोडून वाचली पाहिजे. निव्वळ माहितीचा साठा म्हणून ती वाचणे म्हणजे देवळात जाऊन खांब मोजणे होय.

दादासाहेब खापर्डे ह्यांचे उदाहरण ह्याहून अडचणीचे आहे, आणि म्हणून अधिक बोलके. अमरावतीचे हे विख्यात वकील, टिळकांचे निकटचे सहकारी, वर्षानुवर्षे रोजनिशी लिहीत राहिले. त्यांच्या वह्या आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्या इंग्रजीत आहेत. डिसेंबर १९१० मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९११ पासून मार्च १९१२ पर्यंत त्यांनी शिर्डीत साईबाबांजवळ जे दिवस घालविले, त्यांच्या नोंदी भक्तांमध्ये विशेष प्रसिद्ध आहेत. ह्या नोंदींचा आरंभ बहुधा पहाटे उठल्याच्या आणि प्रार्थना केल्याच्या उल्लेखाने होतो. मग आरती, भोजन, भेटीला आलेली माणसे, दुपारचे आणि रात्रीचे ग्रंथवाचन. त्या काळात मुकुंदराजांचे 'परमामृत' तेथे वाचले जात होते. म्हणजे वाचन मराठीत, आरती मराठीत, बाबांशी बोलणे देशी भाषेत, आणि रात्रीचा जमाखर्च मात्र इंग्रजीत. ह्यावरून त्यांचे आंतरिक जीवन परभाषिक झाले होते असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण ते घाईचे ठरेल. वकिलाची रोजची टिपणे ज्या भाषेत होत, त्याच भाषेत भक्ताचीही झाली; दफ्तराची भाषा जिकडे गेली तिकडे रोजनिशी गेली. पेशवाईत मोडीतून जे काम होत होते ते आता इंग्रजीतून होऊ लागले, इतकेच. 'पहाटे उठून प्रार्थना केली' ह्या अर्थाच्या त्या वाक्यात भावनेचा लवलेश नाही, उपमा नाही, आत्मशोध नाही. ते रोज आहे, एवढेच त्याचे म्हणणे.

ललित गद्याची आपली समीक्षा येथे अडखळते. आत्मपरता, उत्कटता, अनुभवाची अनन्यता हे तिचे निकष आहेत, आणि पुनरुक्ती तिला दोष वाटते. कृतज्ञता तर स्वभावतःच पुनरुक्त आहे. 'श्यामची आई' लोकांनी मनोमन स्वीकारली आणि समीक्षक मात्र तिच्या भावविवशतेबद्दल संकोचत राहिले, त्याचे एक कारण हेच असावे. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलेले हे पुस्तक प्रकरणांत नव्हे, तर रात्रींत विभागलेले आहे. बेचाळीस रात्री. प्रार्थना संपल्यावर मित्र गोळा होतात आणि श्याम आठवू लागतो. रोजनिशीचा साचा आणि आत्मचरित्राचा आशय असे हे मिश्रण आहे; कीर्दीच्या क्रमाने मांडलेली, पण एकाच नावावर खतावलेली वही. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या चिंतनांचा पहिला भाग ह्याच जातीचा आहे. आजोबा, आई, गुरू, मित्र, शेवटी देव, अशा एकेका खात्यावर त्याने आपण काय घेतले ते मांडले आहे.

परंतु खतावणीची दुसरी बाजू सोडून चालणार नाही. कृतज्ञतेची सवय कोणी कोणाला लावली? गावगाड्यात महाराने बलुते हक्काने घ्यावयाचे, पण घेताना मान खाली घालावयाची, अशी रीत होती. हक्काचे रूपांतर उपकारात करून ते रोज मान्य करावयास लावणे ही सत्तेची फार जुनी युक्ती आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना. ही कृतज्ञताच होती. मात्र ती कोणाला द्यावयाची हे देणाऱ्याने स्वतः ठरविले होते. दया पवारांच्या 'बलुतं'ने १९७८ मध्ये हाच हिशेब उलटा मांडला. तेथे देण्यापेक्षा येणे बाकी मोठी आहे. नंतरची अनेक दलित आत्मकथने आईबापांचे ऋण अतिशय कोमलतेने नोंदवितात आणि गावाचे उपकार मानण्यास ठाम नकार देतात, ते ह्याच जाणिवेतून. कृतज्ञता हा निरपवाद सद्गुण मानून जो कोणी मराठी रोजनिशीचा इतिहास लिहील, त्याला ह्या नकारापाशी थांबावेच लागेल.

अलीकडे कृतज्ञतेची वही मानसशास्त्रातून परत आली आहे. एमन्स आणि मॅक्कलो ह्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटाला दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहावयास सांगितले होते. त्रासाच्या गोष्टी लिहिणाऱ्या गटापेक्षा हा गट अधिक समाधानी आढळला. तेथून ही वही छापील स्वरूपात दुकानांत आली, मराठीतही आली. तिच्यात रकाने असतात, तारखा असतात. धनकोचे खाते मात्र नसते. कीर्द आहे, खतावणी नाही. तरी गंमत अशी, की त्या मूळ अभ्यासातील लोकांनी नुसत्या वस्तू लिहिल्या नाहीत. कोणी देवाचे, कोणी आईवडिलांचे, कोणी आवडत्या गायकवृंदाचे नाव लिहिले. खाते आपोआप उघडले गेले. २००५ मधील ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या मांडणीत आणखी एक गोष्ट पुढे आली : आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तो तसा झाला नाही. पुनरावृत्तीने भावना बोथट होते, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते. हरिपाठ म्हणणाऱ्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की नित्यनेमाने भावनेची हमी कधी दिलीच नव्हती. मन लागो न लागो, नेम चुकवावयाचा नाही, एवढीच त्याची अट होती. सुखासाठी लिहिलेली वही सुख मिळेनासे झाले की बंद पडणार. देणे म्हणून लिहिलेली वही त्या कारणाने बंद पडत नाही.

ज्यांच्या हाती ना वही होती ना एकान्त, त्यांच्या रोजनिशीचा विचार तर सुरूही झालेला नाही. १९७३ पासून घरोघरी भिंतीवर लागलेल्या 'कालनिर्णय'च्या चौकोनांत दुधाचे खाडे, गॅसची तारीख, माहेरी जाण्याचा दिवस, कोणाच्या तरी श्राद्धाची खूण बायकांच्या हाताने होत आली आहे. पेशवे दफ्तरातील नोंदींशी तिचे नाते खापर्ड्यांच्या रोजनिशीपेक्षा अधिक जवळचे आहे. ती दरवर्षी जानेवारीत रद्दीत जाते. जी रोजनिशी टिकते तीही संपादकाच्या हातून जाते, आणि पाने कमी करावयाची वेळ आली, की पहिली कात्री लागते ती रोज तेच सांगणाऱ्या ओळीला : पहाटे उठलो, प्रार्थना केली.