खंडोबाचा किडा आणि गुणसूत्रांवरील ताण

पावसाळ्याच्या अखेरीस भिवंडीच्या आसपासच्या कुंपणांवर पुढचे पाय जोडून निश्चल बसलेला हिरवा किडा दिसतो. त्याला आपल्याकडे खंडोबाचा किडा म्हणतात. जननपेशींतील गुणसूत्रांच्या वाटणीवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्रथिन-कायनेजांचा इतिहास लिहिताना प्रारंभ बहुधा यीस्ट किंवा फळमाशीपासून करण्यात येतो. आमच्या मते तो या किड्यापासून करणे अधिक न्याय्य होय.

या कुळातील हायरोड्युला वंशाच्या लिंगगुणसूत्रांवरील निबंध अहमदाबादच्या गुजरात कॉलेजातील प्रा. जे. जे. आसना यांनी 1934 साली प्रसिद्ध केला. अहमदाबाद त्या काळी मुंबई इलाख्यातच होते. पुढे सापोरोच्या माकिनो यांच्या सहकार्याने त्यांनी भारतीय कीटकांच्या गुणसूत्रांची पाहणी बरीच विस्तृत केली. या कामाचा उल्लेख आज क्वचितच होतो, ही खेदाची गोष्ट आहे.

खंडोबाच्या किड्याच्या अनेक जातींतील नरांत लिंगगुणसूत्रे दोन नसून तीन असतात: दोन एक्स आणि एक वाय. अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्या फेरीत या तिघांची जोडणी होते. वाय एका ध्रुवाकडे आणि दोन्ही एक्स दुसऱ्याकडे ओढले जातात. तथापि काही पेशींत एक एक्स या जोडणीतून सुटतो व एकाच ध्रुवाशी बांधलेला राहतो. अशा पेशी पुढे जात नाहीत, थबकतात आणि अखेरीस नाश पावतात, असे कॅलन आणि जेकब्स यांनी 1957 साली नोंदविले. एका सुट्या गुणसूत्राने सबंध पेशी अडावी, हे विलक्षणच. पण अडविणारे कोण, हे त्या वेळी सांगता येण्यासारखे नव्हते.

उत्तराची दिशा अमेरिकेतील ब्रूस निक्लस यांच्या सुईने दाखविली. कॉख यांच्यासह 1969 साली त्यांनी नाकतोड्याच्या जिवंत शुक्रजनक पेशीत अतिसूक्ष्म काचेची सुई घालून गुणसूत्रांची जोडी मुद्दाम चुकीची, म्हणजे दोन्ही अंगांनी एकाच ध्रुवाकडे, बांधली. एरवी असे बंध लवकरच सुटतात. सुईने जोडी ताणून धरली असता मात्र ते टिकले. बंध बरोबर की चूक हे पेशी ताणावरून ओळखते, असा त्याचा अर्थ. पुढे 1995 साली ली आणि निक्लस यांनी खंडोबाच्याच किड्याच्या शुक्रजनक पेशीतील सुटा एक्स सुईने ओढला. अडलेली पेशी सुमारे तासाभरात विभाजनास प्रवृत्त झाली. प्रयोग इतका साधा की तो आधी कोणाला सुचला नाही याचेच नवल वाटते.

भिवंडीच्या यंत्रमागाचा परिचय असणारास यात अपरिचित काही नाही. आडव्या धाग्याचा ताण मागातील छोट्या काट्याला रेटा देतो. धागा तुटला की रेटा जातो आणि माग थांबतो. गुणसूत्रे ओढणाऱ्या तंतूंच्या रचनेस आपण तर्कू, म्हणजे चाती, म्हणतो, तेव्हा ही तुलना फार दूरची नाही. मात्र पेशी प्रत्यक्ष ताण मोजते की ताणामुळे टिकणारा बंध मोजते, हा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही. मागाच्या उपमेने तो मिटणारही नाही.

ताणाचे रसायनात रूपांतर कसे होते? त्याच 1995 साली निक्लस, वॉर्ड आणि गॉर्ब्स्की यांनी दाखविले की, ताण नसलेल्या गुणसूत्राच्या कायनेटोकोअरवरील काही प्रथिनांना फॉस्फेट जोडलेले असते आणि सुईने ओढताच ते नाहीसे होते. फॉस्फेट जोडणे हेच कायनेजाचे कार्य. येथे सुई आणि एंझाइम यांची प्रथमच गाठ पडली. या खुणेमागील कायनेज पोलो असल्याचे पुढे, 2005 च्या सुमारास, दिसून आले. त्याचे जनुक संकेल आणि ग्लोव्हर यांनी 1988 साली फळमाशीत वर्णिले होते. ताण नसलेले बंध तोडून पुन्हा जोडणीची संधी देणारे कायनेज म्हणजे ऑरोरा-बी. त्याच्या यीस्टमधील प्रतिरूपाचे हे कार्य तानाका व सहकाऱ्यांनी 2002 साली स्पष्ट केले.

मनुष्यात ऑरोरा-सी हा भाऊबंद प्रामुख्याने जननपेशींत आढळतो. त्याच्या जनुकातील दोषामुळे पुरुषांत मोठ्या डोक्याचे, अतिरिक्त गुणसूत्रांचे शुक्राणू तयार होऊन वंध्यत्व येते, हे 2007 साली उघड झाले. मादीच्या अंडजनक पेशींत थांबविण्याची योजनाच ढिली असते. एकच एक्स असलेल्या उंदराच्या मादीत सुटे गुणसूत्र असूनही पेशी थांबत नाही, असे 1997 साली आढळले. लेज्यून यांनी 1959 साली डाउन लक्षणसमूहाशी जोडलेले एकविसावे जादा गुणसूत्र बहुतेक वेळा आईच्या अंडपेशीतून येते. त्यामागे वाढत्या वयात गुणसूत्रांना बांधून ठेवणारी प्रथिने झिजणे हे जसे कारण, तशीच ही ढिलाईही. खंडोबाच्या किड्याचा नर ज्या चुकीपायी आपली पेशी गमावतो, ती चूक अंडपेशी पुष्कळदा पुढे जाऊ देते.