शब्दप्रवाह चाचणी आणि बोधात्मक ऱ्हासाचे पूर्वानुमान

शब्दप्रवाह चाचणी : ठरावीक वेळेत, बहुधा एका मिनिटात, दिलेल्या निकषात बसणारे जास्तीत जास्त शब्द तोंडी सांगायला लावणारी मानसशास्त्रीय चाचणी. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. वर्गनिष्ठ प्रकारात प्राणी, फळे अशा एका वर्गातली नावे सांगायची असतात, तर अक्षरनिष्ठ प्रकारात एखाद्या अक्षराने सुरू होणारे शब्द. घड्याळ आणि नीट ऐकून लिहून घेणारा माणूस एवढीच सामग्री लागते. त्यामुळे मेंदूची प्रतिमा घेणारी यंत्रे जिथे सहज मिळत नाहीत, तिथे या चाचणीचे मोल अधिक आहे.

लुई थर्स्टन यांनी १९३८ साली बुद्धीच्या मूलभूत घटकांत शब्दप्रवाहाची गणना केली. पुढे ब्रेंडा मिल्नर यांनी मेंदूच्या डाव्या अग्रखंडावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये तो मंदावतो हे दाखवले, आणि आर्थर बेंटन यांच्या कामातून अक्षरनिष्ठ चाचणीला आजचे रूप आले.

‘प्राणी सांगा’ म्हटल्यावर माणूस साठवणीतून एकेक नाव काढत नाही. गाय, म्हैस, बकरी असा गोठ्यातला गट येतो. तो आटला की वाघ, हरीण, कोल्हा असा रानातला. गटातली नावे काढणे हे मुख्यतः शब्दार्थांच्या साठ्याचे, म्हणजे शंखखंडाचे काम, आणि एका गटातून दुसऱ्यात वळणे हे अग्रखंडाचे, अशी मांडणी ट्रॉयर, मॉस्कोविच आणि विनोकूर यांनी १९९७ मध्ये केली. अल्झायमरमध्ये शब्दार्थांचा साठाच विरत जातो. म्हणून त्यात अक्षरनिष्ठ चाचणीपेक्षा वर्गनिष्ठ चाचणीतले गुण अधिक घसरतात. सांगितलेले नाव पुन्हा पुन्हा येणे किंवा पहिल्या काही सेकंदांनंतर गप्प होणे, यांचीही नोंद एकूण संख्येइतकीच महत्त्वाची असते.

पूर्वानुमानाच्या बाबतीत फ्रान्समधील ‘पाकीद’ हा दीर्घकालीन अभ्यास मार्गदर्शक ठरला. नैर्ऋत्य फ्रान्समधील वृद्धांची वर्षानुवर्षे तपासणी करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पुढे अल्झायमर झालेल्यांची वर्गनिष्ठ कामगिरी निदानाच्या सुमारे १२ वर्षे आधीच इतरांपेक्षा खाली वळू लागली होती. स्मरणाच्या तक्रारी आणि व्यवहारातल्या अडचणी नंतर आल्या. मात्र हा गटाच्या सरासरीचा निष्कर्ष आहे. एका व्यक्तीच्या एका दिवशीच्या गुणांवरून तिचे भविष्य सांगता येत नाही. एका मिनिटात १५ पेक्षा कमी प्राणी आले तर अल्झायमरची शंका घ्यावी, हा २००४ मधील कॅनेडियन अभ्यासातला आकडा वैद्यकात बराच फिरतो. पण तो आधीच आजारी असलेल्यांना निरोगी लोकांपासून वेगळे करण्यासाठी काढलेला आहे, पूर्वानुमानासाठी नव्हे.

भारतात हा आकडा जसाच्या तसा लावणे अन्यायाचे ठरते. जळगाव शहरात सामावलेल्या पिंप्राळ्यासारख्या वस्तीत शाळा न पाहिलेली आजी घरात लेवा गणबोली किंवा अहिराणी बोलते, बाजारात प्रमाण मराठी आणि कधी हिंदी. तिला ‘क’ने सुरू होणारे शब्द विचारणे निरर्थक आहे, कारण शब्दातला आद्य ध्वनी वेगळा काढण्याची सवय वाचनाने लागते. साक्षरांपुढेही प्रश्न उरतोच: ‘क’ दिल्यावर ‘काम’ आणि ‘किल्ला’ धरायचे की बाराखडीतला केवळ ‘क’च? बंगळूरच्या निम्हान्सने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचात भारतीय भाषांसाठी क, प, म ही अक्षरे घेतली आहेत. त्यातल्या प्राण्यांच्या चाचणीत मासे, पक्षी आणि साप वगळायचे असतात, त्यामुळे त्या गुणांची तुलना पक्षी धरणाऱ्या चाचणीशी करता येत नाही.

प्राणी हा वर्गही वाटतो तितका निःपक्षपाती नाही. शेतकरी कुटुंबातला माणूस गाय, बैल, वासरू, गोऱ्हा, कालवड, म्हैस, रेडा, पारडू, वगार असे सलग सांगेल. ही नऊ नावे की दोन प्राणी, हे आधीच ठरवावे लागते. ‘बैल’ आणि अहिराणीतला ‘बईल’ मात्र निर्विवाद एकच. पोर्तुगालमधील निरक्षर आणि साक्षर स्त्रियांच्या अभ्यासात प्राण्यांच्या बाबतीत साक्षर पुढे होत्या, पण सुपरमार्केटमधील वस्तू विचारल्यावर हा फरक नाहीसा झाला. खानदेशासाठी याचा अर्थ उघड आहे. आठवडे बाजारातल्या वस्तू विचारल्या की दादर, बाजरी, उडीद, मिरची, भरताची वांगी, केळी ही नावे शाळेशिवायही येतात. अडलेली व्यक्ती खरोखर अडली आहे की प्रश्नच परका होता, हे त्यातून कळते.

देशव्यापी पातळीवर मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या ‘लासी’ या वृद्धत्वविषयक पाहणीत प्राण्यांच्या नावांची चाचणी घेतली गेली. तिच्याशी जोडलेल्या ‘लासी-डॅड’ अभ्यासाने ६० वर्षांवरील भारतीयांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, असा अंदाज दिला. गावपातळीवर आशा कार्यकर्त्यांच्या तपासणी यादीत जवळच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरतो का, असा प्रश्न आहे. तो उपयुक्तच आहे, पण इतके विसरण्याच्या टप्प्याआधीची बरीच वर्षे त्यातून निसटतात. शब्दप्रवाहाची चाचणी नेमकी तीच वर्षे पकडू शकते.

गुण कमी येण्यामागे नैराश्य, ऐकू कमी येणे, थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा झोपेच्या गोळ्या असू शकतात. यांतली बरीच कारणे दूर करता येतात, म्हणून ती आधी तपासावीत. चाचणीचा सर्वांत भरवशाचा उपयोग म्हणजे त्याच व्यक्तीची, त्याच भाषेत, त्याच वर्गावर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा चाचणी घेणे आणि गुण तिच्याच जुन्या गुणांशी ताडणे. त्यासाठी केवळ संख्या नव्हे, तर सांगितलेले शब्द क्रमाने, कोणत्या बोलीत सांगितले आणि कोणत्या नियमाने मोजले, हे तारखेसह लिहून ठेवले जाते.