डायलॉग बॉक्स नक्की कोणाचा?

फोटो थोडा ब्लर करायचा म्हटलं की स्क्रीनवर एक छोटा चौकोन उगवतो. एक स्लायडर, जमलं तर प्रिव्ह्यू, खाली 'ओके' आणि 'कॅन्सल'. आपण स्लायडर सरकवतो, ओके दाबतो, चौकोन गायब. कोण बघतंय त्याच्याकडे नीट! पण मंडळी, हा चौकोन कोणी काढायचा, मूळ सॉफ्टवेअरने की बाहेरून जोडलेल्या प्लगइनने, या एका प्रश्नाभोवती 'गिम्प'चा जवळपास तीस वर्षांचा इतिहास फिरतोय.

गिम्प म्हणजे फोटो एडिट करायचं फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर. १९९५ मध्ये बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतलं. १९९६ च्या सुरुवातीला ०.५४ ही आवृत्ती लोकांच्या हाती आली. त्यात एक झकास कल्पना होती: प्रत्येक प्लगइन हा वेगळा प्रोग्रॅम. तो गिम्पशी पाइपमधून निरोपानिरोपी करणार. फायदा असा की एखादं प्लगइन मेलं, तरी गिम्प आणि त्यातलं तुमचं चित्र शाबूत!

पण मग बॉक्स कोण दाखवणार? ०.५४ मध्ये प्लगइनने गिम्पला सांगायचं, "एक डायलॉग दे, त्यात एक ओळ टाक, ओळीत एक स्लायडर ठेव." चौकोन गिम्प काढणार, आणि युजरने स्लायडर हलवला की प्लगइनला कळवणार. हॉटेलात वेटरमार्फत जेवण मागवण्यासारखंच की! मेन्यूत आहे तेच मिळणार. स्वयंपाकघरात शिरायचं नाही.

दुसरी पंचाईत 'मोटिफ'ची. बटणं, स्लायडर काढायला गिम्प ही लायब्ररी वापरायचं आणि ती विकत घ्यावी लागायची. म्हणजे सॉफ्टवेअर फुकट, पण ते कंपाइल करायला पैसे मोजा! लिनक्सवाल्या विद्यार्थ्यांना हे कसं परवडणार? मॅटिसही मोटिफला वैतागला होता. त्याने सरळ स्वतःची लायब्ररी लिहायला घेतली. तिचं नाव गिम्प टूलकिट, म्हणजेच जीटीके. ऑगस्ट १९९७ मध्ये सुरू झालेल्या ग्नोम प्रकल्पाने आपल्या अख्ख्या डेस्कटॉपसाठी हीच लायब्ररी उचलली. लिनक्सवर काम करणाऱ्या कितीतरी लोकांसमोर आजही तिच्याच वंशातली बटणं असतात.

जीटीके आल्यावर प्लगइनवाल्यांना स्वयंपाकघराची किल्लीच मिळाली. जून १९९८ मध्ये गिम्प १.० आलं तोवर प्लगइनं आपापले बॉक्स स्वतः काढत होती. हवं ते करा! पण स्वातंत्र्यासोबत पसाराही आला. प्रिव्ह्यू हवा? स्वतः लिहा. दुसऱ्याने त्याचा वेगळा लिहिलाय, तिसऱ्याने लिहिलाच नाही. शेवटी डिसेंबर २००४ च्या २.२ आवृत्तीत सगळ्यांसाठी तयार प्रिव्ह्यू आला.

गंमत म्हणजे दुसरी वाट तेव्हाही शेजारीच होती. स्क्रिप्ट-फूमध्ये लेखक बॉक्स काढतच नाही. तो फक्त यादी देतो: मला एक रंग हवा, आणि एक आकडा, किमान १, कमाल १००, सुरुवात १० पासून. चौकोन आपोआप तयार! दिसायला साधा, पण लेखकाला खिडकीच्या कोडची एक ओळही लिहावी लागत नाही.

हा फरक किती महागात पडतो ते टूलकिट बदलल्यावर कळतं. मार्च २००४ मध्ये गिम्प २.० जीटीके २ वर गेलं आणि मार्च २०२५ मध्ये गिम्प ३.० जीटीके ३ वर. ज्याने प्रत्येक बटण हाताने बसवलं होतं, त्याला दर वेळी पुन्हा बसायचं काम. २.१० ची प्लगइनं ३.० मध्ये तशीच्या तशी चालत नाहीत. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी लिहिलेल्या प्लगइनला कोणी वाली उरला नसेल, तर ते तिथेच संपलं. फिल्टरचं गणित अजून बरोबर आहे, जुनी झालीय ती फक्त खिडकी. प्रोग्रॅमर म्हणून मला हे फार लागतं.

म्हणून आताची दिशा मला पटते. एप्रिल २०१८ च्या २.१० मध्ये बरेच फिल्टर जीईजीएल या नव्या इंजिनावर गेले. त्यांचे बॉक्स फिल्टरच्या गुणधर्मांवरून बनतात आणि प्रिव्ह्यू थेट मोठ्या चित्रावर दिसतो. ३.० मध्ये इतर प्लगइननाही तशी सोय आहे: कोणती माहिती हवी ते जाहीर करा, बॉक्स गिम्प बनवून देईल.

म्हणजे फिरून पुन्हा ०.५४ वरच आलो म्हणायचं? तसं नाही. तेव्हा प्लगइन म्हणायचं, "इथे स्लायडर ठेव." आता ते म्हणतं, "मला १ ते १०० मधला आकडा हवाय." पहिलं वाक्य खिडकीबद्दल आहे, दुसरं कामाबद्दल. खिडक्या दर काही वर्षांनी बदलतात, काम टिकतं.

आपल्या हापिसातल्या कोडमध्ये ही दोन वाक्यं किती गुंतलेली असतात, ते सोमवारी जरा उघडून बघा. रविवारी नको, रविवार झोपेसाठी असतो :)