शेअर्ड फोल्डर (व्हर्च्युअल मशीनमधील)

व्हर्च्युअल मशीन ज्या संगणकावर चालते तो होस्ट, आणि तिच्या आत चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे गेस्ट. होस्टच्या डिस्कवरचा फोल्डर गेस्टमध्ये माउंट करण्याच्या सोयीला शेअर्ड फोल्डर म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी गेस्टमध्ये ‘गेस्ट अ‍ॅडिशन्स’ बसवावे लागतात; लिनक्स गेस्टमध्ये आपोआप माउंट झालेला फोल्डर उघडायला वापरकर्ता ‘व्हीबॉक्सएसएफ’ गटात असावा लागतो. लिनक्सच्या केव्हीएम या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीत या कामासाठी आधी ९पी ही पद्धत होती, २०१९च्या लिनक्स ५.४ पासून व्हर्टिओएफएसही आले.

हा फोल्डर गेस्टचाच असल्यासारखा दिसतो, पण तो गेस्टचा नसतो. गेस्टने केलेली वाचण्या-लिहिण्याची प्रत्येक मागणी होस्टवरचा प्रोग्राम पुरी करतो, तीही बहुधा होस्टवरच्या वापरकर्त्याच्या अधिकारात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये माउंट करताना दिलेले मालक आणि परवानग्या गेस्टपुरत्याच असतात, आणि होस्टवर बदललेल्या फाइलची सूचना गेस्टच्या कर्नेलला मिळत नाही, ती याचमुळे. म्हणून काय उघडे ठेवायचे हे होस्टवरच ठरले पाहिजे. २००८ साली कोअर सिक्युरिटी या कंपनीने व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशीन सॉफ्टवेअरच्या विंडोज आवृत्त्यांमधली त्रुटी उघड केली. फाइलच्या मार्गातील ‘..’ची (म्हणजे वरच्या फोल्डरकडे जाण्याच्या खुणेची) तपासणी अक्षरांचे रूपांतर होण्याआधीच उरकली जात होती. त्यामुळे एकच फोल्डर शेअर केलेला असला तरी गेस्टला होस्टच्या इतर फाइलींपर्यंत जाता येई. व्हर्च्युअलबॉक्स गेस्टला शेअर्ड फोल्डरमध्ये सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारा दुवा) तयार करू देत नाही, तेही सुरक्षेसाठीच. मुभा हवी तर ती होस्टवरून मुद्दाम द्यावी लागते.

यावर आक्षेप असा की स्वतःच्या लॅपटॉपवर होस्टही आपला, गेस्टही आपला. मग भीती कोणाची? कोड होस्टवर लिहून गेस्टमध्ये चालवणाऱ्याला ही सोय खरोखर मोलाची आहे, हे मान्यच. पण अनोळखी सॉफ्टवेअर तपासण्यासाठी गेस्ट उभा केला असेल, तर संपूर्ण होम फोल्डर जोडताच ज्यासाठी तो वेगळा ठेवला तो हेतूच संपतो. पनवेलला २०२० मध्ये सुरू झालेल्या योट्टा कंपनीच्या डेटा सेंटरसारख्या ठिकाणी परिस्थिती आणखी निराळी: क्लाउड सेवेत एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांचे गेस्ट असू शकतात, तिथे साठवण व्हर्च्युअल डिस्क किंवा नेटवर्कवरील स्टोरेज म्हणून द्यावी लागते. घरीही नेटवर्कवरून फाइली शेअर करणारे सांबा वापरा, असा सल्ला मिळतो. पण त्यासाठी गेस्टला होस्टशी नेटवर्कने जोडावे लागते, आणि संशयास्पद प्रोग्राम तपासताना नेमके तेच टाळायचे असते.

त्यापेक्षा लागेल तेवढाच फोल्डर होस्टकडूनच केवळ वाचनासाठी द्यावा आणि निकालासाठी दुसरा रिकामा फोल्डर ठेवावा. केवळ वाचनाच्या अटीने फाइली बिघडत नाहीत, एवढेच. त्या फोल्डरात एसएसएचची खाजगी किल्ली असेल तर गेस्ट ती वाचतोच.