'तान' एवढंच बोलणारा रुग्ण

घरात कुणाची पक्षाघातानं वाचा गेली, तर "त्यांना आता काही समजत नाही" असं लगेच त्यांच्यासमोर म्हणू नका.

१८६१ साली पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न नावाचे रुग्ण होते. काहीही विचारा, उत्तर एकच: 'तान'. (फार चिडले की मात्र शिवी स्पष्ट यायची!) डॉ. पॉल ब्रोका यांनी विचारलं, इथं किती वर्षं झाली? उजवा हात लुळा होता. लबोर्न यांनी डावा पंजा चार वेळा उघडला, मग एक बोट दाखवलं. २१. अगदी बरोबर!

काही दिवसांतच ते वारले. शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला दिसला. बोलणं जुळवणाऱ्या या भागाला आज ब्रोकाचंच नाव आहे.

१८७४ साली जर्मनीच्या वेर्निके यांनी डाव्या कानाच्या वर-मागे असलेला दुसरा भाग दाखवला. तिथं इजा झाली तर समजणंच बिघडतं. रुग्ण घडाघडा बोलतो, पण अर्थ लागत नाही.